‘ये’ची मात्रा, ‘या’चा काना

स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात एक ओळखीचा शब्द भेटतो : ‘तू’. उच्चार तोच, अर्थ तोच, आणि हा योगायोग नव्हे. लॅटिनमधील ‘तू’ स्पॅनिशमध्ये उतरला, संस्कृतमधील ‘त्वम्’ प्राकृताच्या वाटेने मराठीत आला, आणि दोघांचे मूळ एकाच इंडो-युरोपीय घराण्यात आहे. थोडे पुढे गेले की ‘मला दे’ यासाठी स्पॅनिशमध्ये ‘दामे’ असे रूप येते. संस्कृतात हेच ‘देहि मे’ असे म्हणतात. धातू नात्यातला, सर्वनामही नात्यातले.

मात्र त्यानंतर लगेच शिकणाऱ्याची पंचाईत होते. ‘दामे’ कोणाला म्हणायचे? मित्राला चालते, धाकट्या भावाला चालते. अनोळखी वृद्धाला चालेल काय? हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ‘ये’ आणि ‘या’ यांच्यात फरक एका मात्रेचा आणि एका कान्याचा आहे, पण त्या अंतरावर या देशात माणसांची आयुष्ये तोलली गेली आहेत. हा धागा त्या अंतराच्या इतिहासाचा आहे. त्यासाठी निवडलेला मुलूख आहे कर्जत आणि खालापूर, म्हणजे रायगड जिल्ह्याचा समुद्र न दिसणारा, बोरघाटाच्या पायथ्याचा भाग. मोगल फौजा, आगगाडीचे कंत्राटदार, थंड हवेसाठी डोंगर चढणारे साहेब, कातकरी, ठाकर, आगरी, कुणबी असे नाना भाषांचे आणि बोलींचे लोक येथे एकमेकांना काही ना काही करायला सांगत आले आहेत.

आधी थोडे व्याकरण, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

स्पॅनिशमध्ये एकेरी आज्ञा घडवण्याची रीत मजेदार आहे. वर्तमानकाळातील तृतीयपुरुषी एकवचनाचे रूप उचलायचे आणि समोरच्याला सांगायचे. ‘आब्ला’ म्हणजे ‘तो बोलतो’. ‘आब्ला’ म्हणजेच ‘बोल’. फक्त अतिवापरातली आठ क्रियापदे हा नियम जुमानत नाहीत : ‘दी’ (सांग), ‘आस’ (कर), ‘वे’ (जा), ‘पोन’ (ठेव), ‘साल’ (बाहेर पड), ‘से’ (हो), ‘तेन’ (धर), ‘वेन’ (ये). सगळी एका अक्षराएवढी. रोज शंभरदा उच्चारल्या जाणाऱ्या आज्ञा नदीतल्या गोट्यांसारख्या झिजतात, त्यांना प्रत्ययाचा भार सोसत नाही.

मराठी याहून पुढे गेली आहे. आपल्याकडे एकेरी आज्ञेला प्रत्ययच नाही. धातू उघडा उच्चारला की आज्ञा झाली : कर, बस, दे, घे, ये. संस्कृतातही ‘गच्छ’, ‘वद’ अशी प्रत्ययहीन आज्ञा आहेच. अनेकवचनात किंवा आदरात ‘आ’ लागतो, तेव्हा करा, बसा, द्या, घ्या, या. ‘हो’चे ‘व्हा’ होते, ‘ऊठ’चे ‘उठा’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. थोडक्यात, मराठीत आदर हा धातूला चढवलेला एक काना आहे. तो चढवला नाही तर उरते ते मूळ रूप, भाषेतले सर्वांत लहान वाक्य.

नकाराच्या बाबतीत दोन्ही भाषा एकाच सवयीच्या. स्पॅनिशमध्ये ‘आब्ला’च्या पुढे ‘नो’ ठेवून भागत नाही. ‘नो आब्लेस’ असे रूपच बदलावे लागते. मराठीतही कोणी ‘न बोल’ म्हणत नाही. ‘बोलू नको’ म्हणतो, आणि ‘नको’ला पुन्हा आदराचा ‘नका’ आहेच. संस्कृतातल्या निषेधार्थी ‘मा’सोबतही प्राचीन काळी क्रियापदाची वेगळी रूपे येत. करायला सांगणे आणि करू नये म्हणून सांगणे या दोन वेगळ्या कृती आहेत, असे या भाषांना फार पूर्वीपासून वाटत आले असावे.

आदराची खरी युक्ती मात्र समोरच्याला समोर न ठेवण्यात आहे. स्पॅनिशमधला ‘उस्तेद’ हा आदरार्थी शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनाचा झिजलेला अवतार आहे, म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येते. समोर बसलेल्या माणसाशी बोलायचे ते दूरच्या कोणाविषयी बोलल्यासारखे. संस्कृतात हेच ‘भवान्’ करतो : ‘त्वं गच्छ’, पण ‘भवान् गच्छतु’. मराठीने तिसरी वाट धरली. ‘आपण यावे, बसावे’ यातले ‘-आवे’ संस्कृतातल्या ‘-तव्य’पासून आले आहे, म्हणजे ‘कर्तव्य’ या शब्दातले तेच. ‘आपण बसावे’ असे म्हणणारा वास्तविक हुकूम देतच नाही. बसणे उचित आहे, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

संस्कृतचा उल्लेख येथे केवळ व्युत्पत्तीसाठी नाही. खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळ, उंबरखिंड आहे. १६६१च्या फेब्रुवारीत शायिस्ताखानाने पुण्याहून कोकणात धाडलेली कारतलबखानाची फौज या अरुंद, गर्द झाडीच्या वाटेत शिवाजी महाराजांनी कोंडली. या लढाईचे विस्तृत वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात येते. फौजेबरोबर रायबागन ही वऱ्हाडातील माहूरची मातब्बर सरदारीण होती. या अरण्यात शिरण्याची चूक कशी घडली हे खानाला स्पष्ट शब्दांत ऐकवून शरण जाण्याचा सल्ला देणारे भाषण कवीने तिच्या तोंडी घातले आहे. तिने ते खरोखर कोणत्या भाषेत आणि कोणत्या सर्वनामाने सुनावले असेल, याची कल्पना केलेली बरी. खानाने खंडणी भरून सुटका करून घेतली, म्हणजे सरदारिणीची आज्ञा सेनापतीने पाळली, एवढे निश्चित.

महाराजांच्या काळातील आणि पुढे पेशवाईतील मोडी पत्रव्यवहार आज्ञार्थाच्या अभ्यासकाला खजिन्यासारखा आहे. त्यात ‘कर’ क्वचित दिसतो आणि ‘करा’ही अपेक्षेहून कमी. हाताखालच्या अधिकाऱ्याला लिहिताना नेहमीचे रूप ‘करणे’ : अमुक पाठविणे, तमुक न करणे, याप्रमाणे वर्तणूक करणे. शेवटी ‘जाणिजे’. बरोबरीच्याला किंवा वडीलधाऱ्याला लिहिताना ‘करावे’, ‘लिहीत जावे’, ‘लोभ असावा’, आणि शेवट ‘हे विनंती’ असा. धाकट्याला ‘हे आशीर्वाद’. पत्राचा मधला मजकूर फाटून गेला असला तरी केवळ क्रियापदांच्या शेपटांवरून लिहिणारा वर होता की खाली, हे बहुतेक वेळा सांगता येते.

‘करणे’ या रूपाकडे जरा थांबून पाहावे. त्यात तूही नाही आणि तुम्हीही नाही. हुकूम आहे, पण हुकूम ज्याला दिला तो माणूस व्याकरणातून काढून घेतलेला आहे. एकच पत्र जुमलेदाराने, हवालदाराने आणि कारकुनाने वाचायचे असे, आणि तिघांचा मान वेगवेगळा. अशा ठिकाणी हे रूप फार सोयीचे ठरले असणार. १६७०च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाईने त्यात सैन्याला बजावले आहे. एवढा कडक हुकूम, आणि तो अपमानाच्या एका अक्षराशिवाय दिलेला. आजच्या सरकारी पाटीवरील ‘रूळ ओलांडू नये’ हे त्याच घराण्यातले वाक्य, जरी त्यातली वात केव्हाच विझलेली असली तरी.

‘आज्ञार्थ’ या नावाने मात्र गैरसमज होतो. शाळेतले व्याकरणही सांगते की या रूपातून आज्ञेखेरीज विनंती, प्रार्थना, उपदेश, आशीर्वाद हे सारे व्यक्त होते. उघडा धातू सर्वांत जास्त कोणाला उद्देशून उच्चारला जातो याची यादी केली, तर तीत नोकर पहिला येणार नाही. आई येईल. असंख्य मराठी घरांत ‘आई, ये’ आणि ‘बाबा, या’ ही दोन वाक्ये एकाच मुलाच्या तोंडून एकापाठोपाठ निघतात आणि त्यात विसंगती कोणालाच दिसत नाही. देवही येईल. ग्रामदेवतेला साकडे घालताना ‘पाव’ म्हणतात, ‘पावावे’ नाही. बायको नवऱ्याला ‘अहो, या’ म्हणे आणि नवरा बायकोला ‘ये’. ही विषमता तर इतकी अंगवळणी पडली होती की तिला विषमता म्हणायलाही शतके लागली. म्हणजे मात्रा एकच, पण ती एका घरात माया आहे, दुसऱ्या घरात सत्ता, आणि तिसऱ्या घरात दोन्ही.

स्पॅनिशमध्ये समोरच्याला ‘तू’ म्हणण्याच्या क्रियेला ‘तुतेआर’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीत ‘अरेतुरे करणे’ आहे, त्याच्या उलट ‘अहोजाहो करणे’ आहे, आणि शिवाय स्पॅनिशकडे नसलेला एक वाक्प्रयोग आहे : भांडण ‘एकेरीवर येणे’. मराठी माणसाच्या लेखी हाणामारीच्या आधीची पायरी व्याकरणाची असते.

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेत इंग्रजी शिरली, आणि इंग्रजीची गंमत अशी की तिच्याकडे हा भेदच उरलेला नव्हता. जुना एकेरी ‘दाऊ’ व्यवहारातून गेला होता, सर्वांना एकच ‘यू’. इंग्रज माणूस राजपुत्राला आणि घोडेवाल्याला एकाच क्रियापदाने ‘ये’ सांगू शके. मराठीत आल्यावर त्याला पहिल्याच शब्दाला निवड करणे भाग पडे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले. त्याला परिचित विषयांवरील संवाद मुद्दाम जोडलेले होते, कारण नवख्या अंमलदाराला विभक्तींच्या आधी बोलण्याची गरज होती. पुढे १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले आणि मराठी मुले आपलीच आज्ञा तक्त्यात पाहू लागली. तक्ता रूपे दाखवतो. कोणते रूप कोणाच्या वाट्याला यावे, हे ठरवणारा तक्ता गावात आधीपासून होता.

त्याची परीक्षा घाटात झाली. मुंबईहून पुण्याकडे आगगाडी न्यायची तर कर्जतच्या पुढे पळसदरीपासून बोरघाट चढणे अटळ होते. १८५६ ते १८६३ या काळात २५ बोगदे खोदून तो लोहमार्ग पुरा झाला, आणि ऐन भरात एका वेळी ४० हजारांहून अधिक माणसे त्या डोंगरावर राबत होती. देशावरून आलेले, कोकणातले, दूरच्या मुलखांतले. बाया आणि पोरेसुद्धा. साहेबाची एक इंग्रजी आज्ञा दुय्यम कंत्राटदाराच्या हिंदुस्तानीतून आणि मुकादमाच्या मराठीतून उतरत उतरत पाटी वाहणाऱ्यापर्यंत पोहोचायची. वाटेत तिला मात्रा लागायची की काना, हे इंग्लंडमधल्या कोणी ठरवलेले नव्हते. ते मुकादम ठरवी, आणि मुकादमाचे कान जातीच्या गावात घडलेले होते.

१८५९च्या जानेवारीत घाटातल्या मजुरांनी थकलेल्या मजुरीसाठी दंगा केला. दुय्यम कंत्राटदारांनी पैसे अडकवले होते. संतापलेला जमाव युरोपीय कर्मचाऱ्यांवर चालून गेला. त्याच वर्षी मुख्य कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने अभियंत्यांच्या मदतीने ते कंत्राट तडीस नेले. (हा प्रसंग स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे.)

येथे एक भाषिक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ‘पगार’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजातून आला. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चौल आणि कोर्लई १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, आणि कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली बोली अजून जिवंत आहे. चावी, घमेले, बिजागरी यांच्याबरोबर ‘पगार’ घाटापर्यंत चढला. मुळात मात्र तो नाम नव्हे, क्रियापद आहे. पोर्तुगीजमध्ये आणि जसेच्या तसे स्पॅनिशमध्येही ‘पगार’ म्हणजे ‘पैसे चुकते करणे’. त्या क्रियापदाची एकेरी आज्ञा होते ‘पागा’ : चुकते कर. मराठीने परक्या भाषेकडून नामे घेतली, क्रियापद घेतले तेही नाम करून. आज्ञा कोणाकडून घेतली नाही. घाटातल्या मजुरांना जी आज्ञा द्यायची होती, ती त्यांनी दगडांनी दिली.

घाटाच्या उत्तरेला माथेरान आहे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे चढला आणि डोंगर साहेबी नकाशावर आला. (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, कुलाब्यात ते १८९१ साली आले आणि कुलाब्याचे नाव रायगड १९८१ साली झाले.) मोटारींना बंदी असलेल्या या गावात माणसाने ओढायची रिक्षा आपल्या काळापर्यंत टिकली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला. ज्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या ‘चल’ आणि ‘थांब’ एवढेच मराठी पुरेसे होते, तिच्याविषयी शेवटी दिल्लीतून ‘करावे’ यावे लागले.

या माथेरानात १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला, नाभिक कुटुंबात. दुसऱ्याच्या दारात बोलावले की जायचे, हा त्या व्यवसायाचा नियम. ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेच्या कारभारात आले, कर्जत परिसरातील शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या आणि शाळा काढल्या. लोक त्यांना ‘भाई’ म्हणत. हे संबोधनही पाहण्याजोगे आहे. त्यात ‘राव’ नाही, ‘साहेब’ नाही. ज्याला एकेरीतही हाक मारता येते आणि बहुवचनातही, असे ते नाते आहे.

१९४२ साली देशभर जी आरोळी उठली ती आज्ञार्थाच्या इतिहासात अपूर्व आहे. ‘चले जाव’. मूळ इंग्रजी घोषणा यूसुफ मेहेरअली यांची मानतात; १९२८ची ‘सायमन गो बॅक’ ही घोषणाही त्यांच्याच नावावर आहे. हिंदुस्तानीत जाण्याची आज्ञा तीन पायऱ्यांची : जा, जाओ, जाइए. साहेबाला शंभर वर्षे ‘जाइए’, ‘आइए’ ऐकण्याची सवय होती. त्याच्यासाठी लोकांनी मधली पायरी निवडली, ना शिवी ना सलाम. मराठीत ही निवड करावीच लागली नसती, कारण ‘जा’, ‘खा’, ‘गा’ या आकारान्त धातूंना काना आधीच आहे. ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’ यांत क्रियापद एकच. सबंध मराठी आज्ञार्थात मान आणि अपमान यांचा भेद ज्या थोड्या धातूंत मिटतो, त्यांत ‘जा’ आहे.

कोतवालांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून, १९१५ पासून खोपोलीहून आणि १९२२ पासून भिवपुरीहून, मुंबईला वीज जात होती. ते वाहिन्यांचे मनोरे याच डोंगरांतून गेलेले. दस्त्याने मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. कोतवाल आणि त्यांचे तरुण सहकारी हिराजी पाटील तेथे मारले गेले.

वरून खाली वाहणारी आज्ञा खालून वर फिरवणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महाडला, १९२७ साली दिसला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची त्रिसूत्री मराठीत रूढ झाली ती ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ अशी. तिन्ही क्रियापदांना काना आहे. जमावाला उद्देशून आहे म्हणून अनेकवचन, हे उत्तर व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे. पण मराठीत अनेकवचन आणि आदर यांचे रूप एकच असल्यामुळे ऐकणाऱ्याला दोन्ही एकदम मिळतात. ज्यांना गावाने जन्मभर ‘ये’ आणि ‘हो बाजूला’ एवढेच ऐकवले, त्यांना ‘व्हा’ ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हती. विसाव्या शतकात महाराष्ट्रात समतेने प्रामुख्याने हा रस्ता धरला. ज्याला ‘तू’ म्हटले जाई त्याला ‘तुम्ही’ म्हणायचे. काना वाटून टाकायचा.

स्पेनमध्ये उलटे घडले. १९३६ची अखेर, यादवी युद्ध पेटलेले. बार्सिलोना कामगारांच्या ताब्यात. जॉर्ज ऑर्वेल तेथे पोहोचला तेव्हा ‘सेन्योर’ आणि ‘उस्तेद’ शहरातून नाहीसे झाले होते, सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणत होते, याची त्याने आश्चर्याने नोंद केली आहे. तेथे काना सर्वांनीच उतरवला. काही महिन्यांत तो परत चढू लागला तो भाग वेगळा.

मराठी मुलखात बार्सिलोनाची वाट कोणी चाललेच नाही काय? चालले, आणि कोणत्याही क्रांतीच्या आधीपासून. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांवर राहणाऱ्या कातकरी आणि ठाकर समाजांच्या बोलींत, तसेच रायगडच्या आगरी बोलीत, वडीलधाऱ्यांनाही एकेरीत बोलण्याची रीत आहे. आजोबालाही ‘ये’, पाहुण्यालाही ‘ये’ आणि मोजणीला आलेल्या सरकारी माणसालाही ‘बस’. प्रमाण मराठीच्या कानाला हे उर्मट वाटत आले आहे. वस्तुतः त्यात वर-खाली काहीच नाही, ‘तू’ तेथे माणसाला माणूस म्हणण्याचे साधन आहे. दुर्दैव असे की बाहेरचा माणूसही या लोकांना ‘तू’च म्हणत आला, आणि त्याच्या ‘तू’मध्ये वर-खाली पुरेपूर होते. एकाच पायवाटेवर एकाच शब्दाने एकमेकांना हाक मारणारे दोघे दोन निरनिराळी व्याकरणे बोलत होते.

ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कातकरी आणि ठाकरीची नोंद आहे. सर्वेक्षणासाठी प्रत्येक बोलीत बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर मागवले जाई. त्या कथेत बोलले गेलेले पहिलेच वाक्य आज्ञार्थी आहे : धाकटा मुलगा बापाकडे मालमत्तेतला आपला वाटा मागतो. स्पॅनिश बायबलात तेथे ‘दामे’ आहे. मराठीत तेथे ‘दे’ किंवा ‘द्या’ यांपैकी एक निवडल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. पोराने बापाशी कसे बोलायचे, हे त्या एका अक्षरात ठरते. भाषाशास्त्रासाठी निवडलेल्या त्या गोष्टीने नकळत समाजशास्त्राचाही प्रश्न गावोगाव विचारला.

आज या दोन्ही तालुक्यांतील आश्रमशाळा पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीत येतात. वाडीवरचे मूल तेथे सहाव्या वर्षी येते ते सर्वांना ‘तू’ म्हणत. ‘गुरुजी, इकडे ये’ या वाक्यावर वर्ग हसतो. पाठ्यपुस्तकातली मराठी ही त्याच्यासाठी आधी व्याकरणाची नव्हे तर कान्याची शिकवणूक असते : ये नव्हे, या, दे नव्हे, द्या, बस नव्हे, बसा. शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ज्या कचेरीत, दवाखान्यात, न्यायालयात त्या मुलाला पुढे उभे राहायचे आहे, तेथे एक काना विसरला तर काम अडते, हे त्यांना ठाऊक असते. मूलही ते चटकन शिकते. मग सुटीत वाडीवर गेल्यावर ते आपल्या आजीला ‘बसा’ म्हणते आणि आजी मागे वळून पाहते, कोण आले म्हणून.